बोलणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे?

बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाची भीती सगळ्यांच्या आधी मला ऐकू येते. मोडनिंबमध्ये माझा स्पीकरचा धंदा आहे. लग्न, जयंती, सप्ताह, शाळेचं स्नेहसंमेलन, ग्रामसभा, निवडणुकीतली कोपरासभा, सगळीकडे मशीन माझं आणि मशीनपाशी मी. माणूस माइकसमोर आला की शब्दाआधी त्याचा श्वास येतो. तो आखूड असला, वरच्यावर चालला असला की मी ओळखतो. मग घोट गिळल्याचा आवाज, हातातल्या कागदाची फडफड, आणि पहिलं वाक्य त्याच्या रोजच्या पट्टीपेक्षा वर गेलेलं. मी आवाजाचा तिखटपणा थोडा उतरवतो आणि वाट बघतो.

हे होतं ते कुणी भित्रा आहे म्हणून नव्हे. एवढे डोळे आपल्यावर लागले की शरीर त्याला संकट समजतं. ॲड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात, गळ्याचे स्नायू ताठतात आणि त्यामुळेच आवाज चढतो. ही सगळी तयारी पळण्यासाठी नाहीतर झुंजण्यासाठी असते, आणि भाषणात तर दोन्हीतलं काहीच करायचं नसतं. श्वास सोडताना सावकाश, लांबवून सोडला की ठोके उतरतात. माइकपाशी जाण्याआधी खुर्चीत बसूनच हे करता येतं, शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट मी गावोगाव सांगत आलोय. तुमची थरथर मला दिसते, कारण मी हातभर अंतरावर असतो आणि माझ्या कानाला मशीन लागलेलं असतं. तिसऱ्या ओळीतल्या माणसाला ती दिसत नाही. आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मला सांगितलं की, यावर शास्त्रीय कामसुद्धा झालेलं आहे. सॅवित्स्की आणि गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिलं की, बोलणाऱ्याला आपली घालमेल जेवढी उघडी पडली असं वाटतं, तेवढी ती समोरच्यांना कळत नाही. एवढं आधी सांगितलं तरी विद्यार्थी जास्त चांगले बोलले. फुकटचं औषध आहे हे, प्रत्येक शाळेत द्यायला हवं.

शाळेत मात्र उलटंच चालतं. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती एकाच दिवशी असते, त्यामुळे त्या आठवड्यात माझे माइक शाळाशाळांतून फिरत असतात. पोरगं येतं, ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ एका दमात म्हणतं, आणि चौथ्या ओळीवर अडतं. ते भाषण त्याचं नसतंच. कुणीतरी लिहून दिलेलं, शब्द न् शब्द घोकलेलं. एक शब्द सुटला की पुढचा सापडत नाही. समोर मुलं हसतात, मागे कुणीच नसतं. अशा वेळी मशीन सोडून त्या पोराशेजारी जाऊन उभं राहावंसं मला वाटतं, आणि अलीकडे मी खरंच तसं करतो.

हे मी शिकलो कीर्तनातून. संत सावता माळ्यांचं अरण आमच्यापासून अगदी जवळ, त्यांची समाधी तिथंच आहे. या पंचक्रोशीतल्या सप्ताहांना मी वर्षानुवर्षं माइक लावतोय. वारकरी कीर्तनात महाराज पुढे उभे असतात, पण मागे टाळकऱ्यांची रांग असते, पखवाज असतो, विणेकरी असतात. निरूपण करता करता महाराज कुठे अडले तर ते अभंगाची चाल धरतात, टाळकरी ध्रुपद उचलतात, सगळा मंडप गायला लागतो. तेवढ्यात पुढचं आठवतं. अडल्याचं ऐकणाऱ्याला कळतही नाही. आणि हे महाराज काही एका दिवसात उभे राहिलेले नसतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथलं शिक्षण चार वर्षांचं. पाठांतर करायचं, टाळ घेऊन दुसऱ्याच्या कीर्तनात मागे उभं राहायचं, ऐकायचं, मग कधीतरी आपण पुढे यायचं. पुढे येईपर्यंत गर्दी ओळखीची झालेली असते. सभेची भीती मोडायची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही.

पाठांतर तिथंही आहे, हे खरं. पण कीर्तनकार पाठ करतो ते अभंग. निरूपण त्याला त्या त्या वेळी, समोरच्या माणसांकडे बघून करावं लागतं. आणि मागच्या साथीचं म्हणाल तर आमचं मोडनिंब लावणीच्या ज्या संगीत बारीसाठी ओळखलं जातं, तिथंही तसंच. गाणारी बाई पुढे, पण ढोलकी, पेटी आणि झील धरणाऱ्या बाया तिच्याबरोबर.

गाडगेबाबांनी तर ऐकणाऱ्यांनाच टाळकरी केलं. साध्या वऱ्हाडीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत, लोक ओरडून उत्तर देत, आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. लोक उत्तर द्यायला लागले की बोलणारा एकटा राहत नाही. नवशिक्याने पहिल्या दोन मिनिटांत एक खरा प्रश्न विचारावा, हे मी तिथून घेतलं.

गांधीजींचीही गोष्ट अशीच आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात ते पहिल्या खटल्यात उभे राहिले, पण उलटतपासणीचा एक प्रश्न सुचेना. खाली बसले, घेतलेले तीस रुपये परत केले. पुढे १८९३ साली प्रिटोरियात तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांपुढे ते बोलले, विषय होता व्यापारातला खरेपणा. हे आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. माणूस तोच होता. पण यावेळी सांगण्यासारखं काही होतं, त्याची तयारी होती आणि समोर आपली माणसं होती.

आपली माणसं जवळ असली की काय होतं, हे मी ग्रामसभेतही पाहिलंय. महाराष्ट्रानं २०११ साली पंचायतींतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखल्या. तेव्हापासून माझ्या माइकसमोर सरपंचताई येऊ लागल्या. येऊ लागल्या म्हणजे, खुर्चीवर त्या आणि माइक त्यांच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या हातात. अशाच एका ताईंना मी ग्रामसभेत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पदर सावरत खाली बघत बसल्या होत्या. पुढच्या खेपेला ग्रामसभेआधीच्या महिला सभेत त्या बोलल्या. कायद्यानं ही सभा आधी घ्यावीच लागते, आणि इतकी कामाची दुसरी सोय मला ठाऊक नाही. तिथं त्या बसूनच बोलल्या, पाण्याच्या मोटारीवर. किती दिवस जळालेली आहे, बिल किती थकलंय, हंडे कुठून आणावे लागतात. मोठ्या सभेत त्यांच्या दोन्ही बाजूंना बचत गटातल्या दोघी बसल्या. ताई अडखळल्या तेव्हा एकीनं ‘बिलाचं सांगा की’ म्हणून आठवण दिली. मालक माइक घ्यायला पुढे झाले तेव्हा बाया म्हणाल्या, ‘त्यांनाच बोलू द्या.’ मी त्या दिवशी आवाज एक घर जास्त ठेवला होता.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. माइकवर टिचकी मारू नका, फुंकर घालू नका. तोंडापासून वीतभर लांब धरा आणि शेजाऱ्याशी बोलता तसं बोला, मोठं करायचं काम मशीनचं आहे. माइक हातात घेऊन बॉक्ससमोर गेलात तर शिट्टी वाजणार. व्यासपीठावरची नावं दोन घ्या, वीस नको; नावं चुकण्याच्या धास्तीनंच कित्येकांची जीभ वळत नाही. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ ठेवा, मधले तीन मुद्दे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात. आणि आदल्या दिवशी मोठ्यानं, उभं राहून, घरच्या एका माणसापुढे बोलून बघा. मनातल्या मनात केलेली तयारी माइकपुढे टिकत नाही.

गुरुजींना, सरपंचांना, मंडळाच्या पोरांना माझी विनंती आहे. पुढच्या कार्यक्रमात आजवर कधी न बोललेल्या एका माणसाला दोन मिनिटं द्या. त्याला आठ दिवस आधी सांगा, विषय त्याच्या रोजच्या जगण्यातला असू द्या, आणि तो उभा राहील तेव्हा तुमच्यातलं कुणीतरी त्याच्या शेजारी उभं राहा.