आभासी संगणकांचें सामाईक भांडार

(१) मोडी दफ्तरें, पोथ्या, सनदा यांच्या छायाप्रती घेऊन त्या संगणकांत ठेवण्याचा प्रघात आतां संशोधकांत व संग्राहकांत चांगलाच रुळला आहे. परंतु या प्रतींस जागा किती लागते याचा अंदाज पुष्कळांस नसतो. ८ इंच रुंद व १३ इंच लांब असा कागद इंचास ४०० बिंदू या सूक्ष्मतेनें रंगीत टिपला, तर संक्षेप न करितां ती एक प्रत सुमारें ५० मेगाबाइट भरते. म्हणजे एक लक्ष कागदांस ५ टेराबाइट जागा हवी. एवढा संग्रह एकाच संगणकाच्या पोटांत ठेवला, तर तो संगणक बंद पडतांच सारें दफ्तर बंद पडतें. ही अडचण टाळण्यासाठीं जी व्यवस्था करितात, तिचें स्वरूप व तींतील धोक्याचीं स्थळें येथें सांगण्याचा विचार आहे.

(२) प्रथम ‘आभासी यंत्र’ म्हणजे काय तें पाहूं. एका बलवान संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, विशिष्ट प्रणालीच्या योगें अनेक स्वतंत्र संगणक नांदवितां येतात. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीनें आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ सालींच जाहीर केली होती. साध्या सर्व्हरांवर ही पद्धति रूढ करण्यांत १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीचा वांटा मोठा आहे. अशा आभासी यंत्राची सारी तबकडी ही वस्तुतः एक मोठी फाइल असते. ही फाइल सर्व सर्व्हरांस पोहोचतां येईल अशा भांडारांत ठेवली, तर एक सर्व्हर बिघडल्यावर दुसरा तीच फाइल उघडून तें यंत्र पुन्हा सुरू करितो. इतकेंच नव्हे, तर चालू यंत्रही न थांबवितां एकावरून दुसऱ्यावर नेतां येतें. कारण तबकडी जागची हलत नाहीं, केवळ स्मृतींतील मजकूर हलवावा लागतो.

(३) सामाईक भांडाराचे दोन प्रकार आहेत. पहिल्यांत दफ्तरखान्याच्या कारकुनाप्रमाणें भांडार स्वतःच यादी ठेवतें व मागितलेली फाइल काढून देतें. दुसऱ्यांत, म्हणजे ‘सॅन’ या प्रकारांत, कारकून नसतो. सर्व्हरास नुसते क्रमांकित कोरे खण मिळतात. कोठें काय ठेवलें याची यादी सर्व्हरानेंच ठेवावयाची. अशा खणास ‘लन’ असें म्हणतात. तेथवर जाण्याच्या मुख्य वाटा दोन. फायबर चॅनेल या वाटेचें प्रमाण १९९४ सालीं ठरलें. तीस निराळे स्विच व निराळीं कार्डें लागतात. आयस्कझी ही वाट त्याच आज्ञा साध्या इथरनेट जाळ्यांतून पाठविते. तिचें प्रमाण २००४ सालीं प्रसिद्ध झालें. अल्प खर्चाच्या संस्थेस बहुधा हीच सोयीची.

(४) उभारणीचा क्रम येणेंप्रमाणें. प्रथम भांडारांतील तबकड्या ‘रेड’ पद्धतीनें एकत्र कराव्या. या पद्धतीस हें नांव बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं १९८८ च्या निबंधांत दिलें. तिच्या सहाव्या प्रकारांत दोन तबकड्या एकदम गेल्या तरी मजकूर शाबूत राहतो. नंतर हव्या त्या आकाराचा खण पाडून तो कोणत्या सर्व्हरांस दिसावा हें नांवनिशीवार नेमून द्यावें. भांडाराची वाहतूक कचेरीच्या नेहमींच्या जाळ्यापासून अलग ठेवावी. वाटा दोन असाव्या, स्विचही दोन असावे. मात्र दोन वाटांनीं पाहिलें असतां एकच खण दोन निरनिराळ्या तबकड्यांसारखा दिसतो. तो एकच आहे हें ओळखणारी ‘मल्टिपाथ’ व्यवस्था आधीं चालू करावी. शेवटीं एकाच सर्व्हरावरून, एकदांच, त्या खणावर फाइलींची मांडणी करावी. इतरांनीं ती केवळ वाचून घ्यावी.

(५) सर्वांत मोठा धोका या शेवटच्या पायरींत आहे. एक्स्ट४ किंवा एनटीएफएस यांसारखी साधी मांडणी ‘या खणाचा धनी मी एकटाच’ असें धरून चालते. ती दोन सर्व्हरांनीं एकदम वापरली, तर प्रत्येकजण मोकळ्या जागेची आपली यादी स्मृतींत ठेवितो व दुसऱ्यानें काय लिहिलें हें त्यास कळत नाहीं. एकाच बाडाचीं कोरीं पानें दोन लेखकांस दिलीं आणि दोघांनीं एकमेकांस न पाहतां त्यांवर नकल केली, तर जी गत होईल तीच येथें होते. आरंभीं कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं. बिघाड लक्षांत येतो तेव्हां मजकूर परत मिळण्याची आशा थोडी असते. म्हणून व्हीएमएफएस, जीएफएस२, ओसीएफएस२ यांसारखी, कुलूप घालून पाळीपाळीनें लिहूं देणारी मांडणीच वापरली पाहिजे. त्याचप्रमाणें एखादा सर्व्हर मुका झाला म्हणजे मेलाच असें समजूं नये. तो जिवंत असून केवळ जाळ्यांतून तुटला असेल. त्याचें काम दुसऱ्याकडे देण्यापूर्वीं त्याची वीज किंवा भांडाराची वाट तोडली पाहिजे, व हा निर्णय बहुमतानें व्हावा यासाठीं मतें निदान तीन असावीं.

(६) आतां मुख्य मुद्दा. सामाईक भांडारानें प्रत वाढत नाहीं. एकच प्रत अनेकांस दिसते, इतकेंच. रेड आणि दुहेरी वाटा या यंत्राच्या बिघाडापासून रक्षण करितात. परंतु कोणी चुकून फाइल पुसली, तर ती सर्वांसाठींच त्याच क्षणीं पुसली जाते. त्याच भांडारांत काढून ठेवलेली क्षणप्रतही आग किंवा पूर यांत मूळ मजकुराबरोबरच जाते. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत जो पूर आला, त्याची आठवण ज्या शहरास आहे, त्यास हें अधिक सांगावयास नको. यास्तव एक प्रत परगांवीं असावी, व एक जाळ्यापासून अगदीं तोडलेली असावी. प्रत्येक फाइलीची बेरीजखूण नोंदवून ती वेळोवेळीं ताडून पाहावी. वर्षांतून एकदां तरी त्या प्रतींवरून मजकूर खरोखर परत उभा करून बघावा.

(७) कंत्राटदारास चार प्रश्न विचारल्यावांचून संग्राहकांनीं काम देऊं नये: मांडणी अनेक सर्व्हरांसाठीं योग्य आहे काय? तुटलेल्या सर्व्हरास दूर कोण व कसें ठेवितो? वाटा दोन आहेत काय? आणि या भांडाराबाहेरील प्रत कोठें आहे? चौथ्याचें उत्तर नसेल, तर पहिल्या तिहींचीं उत्तरें कितीही चांगलीं असलीं तरी संग्रह सुरक्षित म्हणतां येणार नाहीं.