पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

जुन्या ब्रँडेड कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड घातलं की दुरुस्तीच्या दुकानात पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही.’ पंखा फिरतो याचा अर्थ एवढाच, की कार्डाला १२ व्होल्ट मिळताहेत. बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत अजून बरंच काही व्हायचं असतं. ते एकदा समजून घेतलं की दोन वेगळ्या काळांतली ही यंत्रं मुळात जुळतात कशी, याचंच नवल वाटायला लागतं.

खरीच जोडी घेऊ. डेलचं ऑप्टिप्लेक्स ९०२०, साल २०१३, मिनीटॉवर. ऑफिसांनी काढून टाकलेली असली मशीनं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘रिफर्बिश्ड’ म्हणून मिळतात. त्यात बसवायचं एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, साल २०१९.

आधी विजेचा हिशेब. कार्ड बसतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट घेता येतात. त्यातले ६६ वॅटपर्यंत १२ व्होल्टच्या वाटेनं येतात, बाकीचे ३.३ व्होल्टच्या. गंमत अशी, की सुरुवातीला तेवढेही घ्यायची मुभा नसते. आपली ओळख पटून परवानगी मिळेपर्यंत कार्डानं २५ वॅटच्या आत भागवायचं, असा नियम आहे. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० बाजारात आलं, तेव्हा ते स्लॉटमधून ७५ वॅटपेक्षा जास्त ओढतंय हे परीक्षकांनी मोजून दाखवलं. कंपनीला काही दिवसांत ड्रायव्हर बदलून द्यावा लागला. ड्रायव्हर म्हणजे निव्वळ सॉफ्टवेअर, पण त्यानं वीज कुठून किती घ्यायची हे बदललं!

१६५० ची बरीच मॉडेलं या ७५ वॅटमध्ये भागवतात, काहींना मात्र वरून सहा पिनांची केबल लागते. ९०२० चा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, २९० वॅटचा आहे आणि त्यात ती केबल नाही. बाजारातला मोठा एसएमपीएस आणावा, तर त्याचा २४ पिनांचा कनेक्टर इथे बसत नाही. डेलनं मदरबोर्डावर स्वतःचा आठ पिनांचा ठेवलाय, त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर घालावा लागतो. हार्डडिस्कच्या साटा केबलमधून सहा पिना काढून देणारी स्वस्त जोडणीही मिळते. ती घेऊ नये. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॅटच नेता येतात, आणि सहा पिनांवर कार्ड ७५ मागू शकतं. उरलेला फरक प्लास्टिक वितळवून भरून निघतो.

वीज मिळाली. आता मदरबोर्डाला कळायला हवं, की पलीकडे कुणी आहे. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. मदरबोर्ड संदेश पाठवत नाही, कारण ऐकणारं कुणी आहे हेच अजून ठाऊक नाही. तो तारांवरचा व्होल्टेज किंचित वर उचलतो आणि तारा भारित व्हायला किती वेळ लागतो ते बघतो. पलीकडे कार्ड असेल तर वाटेतल्या कपॅसिटरमुळे वेळ जास्त लागतो, नसेल तर तारा झटकन भरतात. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक लेनवर, म्हणजे जाण्या-येण्याच्या तारांच्या जोड्यांवर, ही टिचकी वेगळी, आणि मोठ्या स्लॉटमध्ये अशा सोळा लेन.

मग दोघं ठराविक खुणांचे शब्द एकमेकांकडे पाठवत राहतात. समोरच्याचा ठोका कुठे पडतो ते त्यातून पकडायचं असतं. एखाद्या जोडीतल्या धन-ऋण तारा बोर्डावर उलट जोडल्या असतील, तर ऐकणारा ते ओळखून स्वतःच सुलटं करून घेतो. आणि हे सगळं पहिल्या पिढीच्या वेगानं चालतं, म्हणजे २००३ साली ठरलेल्या, सेकंदाला २५० कोटी ठोक्यांच्या. कार्ड कितीही नवं असो, सुरुवात तिथूनच. एकमेकांचं नीट ऐकू आलं की मगच दोघांना झेपेल त्या वेगावर जायचं. आपल्या जोडीला ८०० कोटी झेपतात.

एखाद्या संपर्कावर धूळ असेल, तर सोळाऐवजी आठ किंवा चारच लेन जुळतात. डिस्प्ले तरीही येतो, फक्त गेम अडखळतो. असा बिघाड वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

आता मदरबोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, विचारतं, तू कोण? एनव्हिडियाचं कार्ड १०डीई हा सोळाआधारी क्रमांक सांगतं, एएमडीचं १००२. इंटेलनं स्वतःसाठी ८०८६ घेतला, म्हणजे १९७८ च्या आपल्या प्रोसेसरचंच नाव. मग जागावाटप. कार्डाला मेमरीचे किती पत्ते हवेत हे थेट विचारायची सोय नाही. बायोस त्याच्या एका रजिस्टरमध्ये सगळे एक लिहितं आणि परत वाचतं. ज्या जागी एक टिकले नाहीत, त्यांच्या संख्येवरून मागणी कळते.

पण पडदा अजून काळाच आहे, कारण या कार्डावर चित्र कसं काढायचं हे बायोसला येत नाही. तो प्रोग्रॅम कार्डच सोबत आणतं, स्वतःच्या चिपमध्ये. बायोस तिथे ५५ एए ही खूण शोधतं आणि सापडली की पुढचा कोड चालवतं. जुन्या मशीनांत खरी गाठ इथे पडते. जुन्या पद्धतीच्या बायोसला एक प्रोग्रॅम लागतो, युईएफआयला, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसला, दुसराच. दोन्ही बाळगणारं कार्ड दोन्हीकडे चालतं. पण मशीन निव्वळ युईएफआयवर आणि कार्ड २०१२ च्या आधीचं असेल, तर कार्ड धडधाकट असूनही पडदा काळा. म्हणून कार्ड बदलून आणण्याआधी मदरबोर्डावरच्या मूळ डिस्प्लेवर मशीन सुरू करावं, बायोस अद्ययावत करावं, आणि लीगसी व सिक्युअर बूटच्या नोंदी पाहाव्यात.

शेवटचा गडी मॉनिटर. स्वतःची माहिती तो १२८ बाइटांत सांगतो, पण आधी केबल योग्य भोकात हवी. बरीच ब्रँडेड मशीनं कार्ड दिसताच मदरबोर्डावरचा डिस्प्ले बंद करतात आणि केबल मात्र तिथेच राहिलेली असते. (हसू नका, ‘मेलेल्या’ कार्डांपैकी कितीतरी अशीच जिवंत होतात.) २०१६ मध्ये आलेल्या १००० मालिकेपासून पुढच्या एनव्हिडिया कार्डांतून व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल निघत नाही, त्यामुळे जुन्या मॉनिटरला चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. आणि ९०० व १००० मालिकांतल्या काही कार्डांवर डिस्प्लेपोर्टनं जोडलेला नवा मॉनिटर विंडोज येईपर्यंत काळाच राही. त्यासाठी एनव्हिडियानं २०१८ मध्ये कार्डाचं फर्मवेअर बदलणारा छोटा प्रोग्रॅम दिला.

डिस्प्ले आल्यावर जीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्रॅम चालवून पाहावा. बस इंटरफेसच्या रकान्यात ‘१.१’ दिसलं म्हणून घाबरू नये. काम नसताना वीज वाचवायला कार्ड पुन्हा २००३ च्या वेगावर उतरतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून कार्डाला थोडं कामाला लावलं की तो आकडा ३.० वर जायला हवा. त्याच्या आधीचा एक्स १६, म्हणजे जुळलेल्या लेनचा आकडा, मात्र एक्स ८ किंवा एक्स ४ च राहिला, तर मशीन बंद करून वायर काढावी, कार्ड उपसून त्याची सोनेरी कड कोरड्या कापडानं पुसावी, स्लॉटमधली धूळ झटकावी आणि खटका बसेपर्यंत ते परत दाबून बसवावं.