जुनेराचा आहेर

सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. मुंबईच्या हवामानाच्या नोंदींत ही पहाट अपवाद म्हणूनच राहिली आहे. एरवी ऐन जानेवारीतही अंधेरी-घाटकोपरची रात्र सोळा-सतरा अंशांच्या फारशी खाली जात नाही. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या बोरिवलीत किंवा आरेच्या बाजूला थोडा जास्त गारवा, इतकंच. दिवाळीत तर घरोघरी पंखे फिरत असतात. अशा हवेत कापडाचे चार-सहा थर एकत्र शिवलेलं जड पांघरूण कोणी कोणाला भेट का द्यावं? तरीही गोधडी दिली जाते. बारशाला दुपटं जातं, नातवंडाच्या पहिल्या दिवाळीला चौघडी जाते आणि परदेशी निघालेल्या लेकीच्या बॅगेत वजनाचा हिशेब मोडून घडी बसवली जाते. म्हणजे या भेटीचा थंडीशी संबंध कमीच.

गोधडीची भेट मागण्यापासून सुरू होते. मिठाईचा पुडा, सुक्या मेव्याचा डबा, चांदीचं नाणं हे सगळं दुकानातून आणून हातावर ठेवता येतं. गोधडी शिवणारीला मात्र आधी पदर पसरावा लागतो: तुमच्या आईचं एखादं लुगडं आहे का, आत्याची सुती साडी उरली आहे का, आजोबांचं धोतर? जिला भेट मिळायची तिच्याच माणसांकडून जुनेर गोळा होतं, महिन्या-दोन महिन्यांनी ते शिवून तिच्याच घरी परत येतं. देणारीने आधी घेतलेलं असतं आणि घेणारीने आधी दिलेलं असतं. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटीवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. देणं, घेणं आणि परतफेड करणं ही तीन बंधनं भेटीत गुंतलेली असतात, असं त्याने मांडलं. आपल्याकडची आहेराची वही याच तीन बंधनांवर चालते. कोणी किती दिलं ते लिहून ठेवायचं आणि त्यांच्या कार्यात तेवढं किंवा थोडं चढं परत करायचं. गोधडीची नोंद या वहीत करता येत नाही, कारण तिची रक्कम मांडायची कशी हेच कोणाला ठरवता येत नाही.

जुनेरच का, याला भावनेइतकंच कापडाचं कारण आहे. नव्या सुती कापडात खळ असते. वर्षानुवर्षं धुऊन ती निघून जाते, सूत मऊ होतं आणि घाम-ओल चटकन टिपतं. तान्ह्या बाळाच्या कातडीला ते सोसतं, म्हणून बाळाला आधी जुन्यात गुंडाळायचं ही रीत. आत्याने कुंची-झबलं करावं, आजोळहून दुपटी यावीत, ही वाटणीही त्यातलीच. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर लांब असतं. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांहून थोडी लांब अशी एकट्या माणसापुरती चौघडी होते. एका बाईचं एक लुगडं म्हणजे एका माणसाचं पांघरूण, असं ते माप बसतं. पाचवारी आली तसं हे गणित बिघडलं आणि पुढे सिंथेटिक साड्यांनी ते पारच मोडलं. नायलॉन-पॉलिएस्टर पाणी टिपत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि कितीही धुतलं तरी त्याला सुताचा मऊपणा येत नाही. आज उपनगरांत गोधडी शिवणाऱ्या कोणालाही अडचण विचारा, सुती जुनेर मिळत नाही हेच पहिलं उत्तर येईल. पूर्वी जुन्या कपड्यांसाठी स्पर्धा बोहारणीची असायची. दोन साड्यांवर एक पातेलं, ही सौदेबाजी चाळीच्या जिन्यात रंगायची. साडी भांड्याला द्यायची की गोधडीला ठेवायची, हा घरातल्या बाईचा खरा आर्थिक निर्णय होता.

कष्टाचा हिशेब एकदा तरी मांडायला हवा. सात फूट लांब, पाच फूट रुंद अशी गोधडी घेऊ. धावदोऱ्याच्या ओळी दोन-दोन सेंटीमीटरवर आल्या तर पाऊणशेच्या वर ओळी होतात. प्रत्येक ओळ सव्वादोन मीटरांहून थोडी कमी, म्हणजे एकंदर १६० मीटरांहून जास्त शिवण. एका टाक्याला सेंटीमीटर धरला तर सोळा हजार टाके. हे सगळे टाके चार-पाच थरांतून सुई आरपार नेऊन, वर ओढून, पुन्हा खाली घालायचे. त्याआधी साड्यांचे विरलेले भाग कापून दंड घालायचे, थर ताणून बसवायचे, कडा दुमडायच्या. घाटावर बऱ्याच ठिकाणी कडेपासून सुरुवात करून चौकटीत चौकट अशी आत-आत शिवत मध्यावर येतात.

यासाठी जमीन लागते, आणि ती उपनगरांत सर्वांत महाग. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. त्यात कॉट, कपाट, शेगडी वजा केली की पस्तीस चौरस फुटांची गोधडी सपाट अंथरायची कुठे? त्यामुळे थर बसवण्याचं काम गच्चीवर, गॅलरीत, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या मंडपात होतं. अशा जागी एकटीने काम होत नाही. ताणायला चौघी लागतात आणि शेजारणी आपसूक टाके घालायला बसतात. पुष्कळ घरांनी दुसरी वाट धरली आहे: साड्यांचं गाठोडं मे महिन्यात गावी न्यायचं, तिथे शेतीची कामं उरकलेली असतात, अंगणही असतं, आणि शिवलेली गोधडी गणपतीला किंवा दिवाळीला परत आणायची. साताऱ्या-कोल्हापूरचं आणि कोकणचं किती तरी शिवणकाम असं मुंबईच्या लुगड्यांवर झालं आहे.

ही रीत आपल्या एकट्यांची नाही, हे घाटकोपर-मुलुंडमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. कच्छी घरांत तिला धडकी म्हणतात. कच्छ-सौराष्ट्रात नवरीसोबत पाठवलेल्या गोधड्यांची चळत घरात दिसेल अशी रचून ठेवण्याची पद्धत होती. फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत वसलेल्या सिंध्यांची रली रंगांच्या चौकड्यांनी ओळखू येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका कवंद शिवतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात. फुलांवाचून कवंद त्यांच्या लेखी नागडं. सिद्दी बायका लांबच्या, पण एकाच रेल्वेमार्गावर राहूनही आम्ही एकमेकींच्या घरची ही पांघरुणं फारशी पाहिली नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

गेल्या काही वर्षांत उपनगरांत हौसेने शिवणाऱ्यांची नवी पिढी तयार झाली आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं. फ्रान्सच्या क्विल्टमेनियाने ते प्रसिद्ध केल्यामुळे आपल्या खेड्यांतले टाके जगभरच्या शिवणाऱ्यांसमोर गेले. या नव्या मैत्रिणींच्या आपसातल्या भेटी लहान असतात: चिंध्यांचा बटवा, पणतीखाली ठेवायची चौकोनी चटई, चष्म्याचं घर, संक्रांतीच्या वाणाला छोटी पाऊच. शिवणारीला भेट देताना पुष्कळदा नुसतं कापडच दिलं जातं, एखादा खणाचा तुकडा, इरकलीचा काठ, आणि घेणारीला त्याची किंमत नेमकी कळते. मला या लहान भेटी फार मोलाच्या वाटतात, कारण त्या वापरल्या जातात.

मात्र जिथे गोधडी विकत घेऊन भेट दिली जाते, तिथे मन कचरतं. सोळा हजार टाक्यांची वस्तू हातात धरून आपण घासाघीस करतो. शिवणाऱ्या बाईचे कष्ट वर्षानुवर्षं मायेच्या खात्यात जमा झाले, म्हणून मजुरी देतानाही ते फुकटच धरले जातात. माया तिने आपल्या नातवासाठी ओतली होती. आपल्यासाठी ती काम करते आहे आणि कामाचे दिवस मोजूनच पैसे द्यायला हवेत.

आणखी एक गोष्ट राहून जाते. अमेरिकेत १८४०च्या दशकात बाल्टिमोरकडे गोधडीचे चौकोन निरनिराळ्या मैत्रिणींनी शिवून त्यांवर शाईने सह्या करण्याची पद्धत फोफावली. दूर जाणाऱ्या माणसाला अशी सह्यांची गोधडी भेट मिळे. त्यामुळे त्या बायकांची नावं आज संग्रहालयांत वाचता येतात. आपल्या गोधड्यांवर नाव नसतं. घरात पन्नास वर्षं वापरलेली वाकळ कोणी शिवली, हे तिसऱ्या पिढीला सांगता येत नाही. या दिवाळीत कोणाला गोधडी देणार असाल, तर उलट्या बाजूच्या कोपऱ्यात बोटभर लांबीची एक पट्टी लावा. तिच्यावर रंगीत दोऱ्याने शिवणारीचं नाव, गाव आणि साल घाला, आणि जागा उरली तर लुगडी कोणाकोणाची होती तेही.