गालाच्या आतले डाग

आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार-चळवळीत आमची तीस वर्षे गेली. युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारींबरोबर माणसे तोंडे उघडून दाखवू लागली, तेव्हा आम्हांस या विषयाची पुस्तके चाळणे भाग पडले.

आरशासमोर गाल बोटाने ओढून धरा. दात जिथे मिटतात त्या पातळीवर पांढरट रेघ दिसेल. ती घर्षणाने उठते, पुष्कळांना असते, तिला औषध नको. पिवळसर रव्यासारखे दाणे दिसले तर त्या तैलग्रंथी होत. दहा प्रौढांत सातआठांच्या तोंडी त्या सापडतात. आमच्या एका फिटरने ते दाणे पाहून बायकोला विम्याचे कागद दाखवून ठेवले होते! तोंड येणे पाचांतल्या एकास अधूनमधून होतेच, व आठदहा दिवसांत भरते. जाळीदार रेषांचा लायकेन प्लॅनस शंभरांत एखाददुसऱ्यास. तो बहुधा दोन्ही गालांत दिसतो आणि त्यावर नजर ठेवावी लागते.

पुसून न जाणारा, दुसरे कारण न सापडणारा पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लाकिया, जगाच्या हिशेबाने शंभरांत दोनतीन. पण हा सरासरीचा हिशेब आमच्या गेटवर लागू पडत नाही. तंबाखू-चुना मळून जिथे ठेवायचा, नेमका तिथेच तो उठतो. अशा शंभर चट्ट्यांतून वर्षाकाठी सुमारे एकाचा कर्करोग होतो. लाल, मखमलीसारखा चट्टा अगदी विरळा, आणि तोच सर्वांत घातक.

युरोप-अमेरिकेत तोंडाचा कर्करोग बहुधा जिभेवर वा जिभेखाली होतो. आपल्याकडे गाल आणि हिरडी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. यात मिशरी लावणाऱ्या आयाबहिणीही आल्या. व्यसन म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की, रात्रपाळीला झोप आणि भूक मारायला ही गोळी तोंडात जाते. पाळीचा विचार न करता नुसता उपदेश केला, तर आमचा माणूस तो ऐकत नाही.

सुपारीला मात्र आपण सगळेच सोवळी समजतो. तिने गाल आतून ताठरतो, तोंड उघडेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सुपारी व तंबाखू निराळ्या पुड्यांत घेऊन एकत्र करणारे आम्ही रोज पाहतो. आपली तीन बोटे उभी करून तोंडात जातात का, पाहा.

आमचा एक हमाल सोबती, दोनही बोटे जाईनात तेव्हा आला. आधी का आला नाहीस, विचारले तर म्हणाला, "साहेब, खाडा पडतो. आणि तुकडा काढला, लोखंड लागलं, की रोग पसरतो म्हणतात." तुकडा काढून तपासल्याने रोग पसरत नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम वा न जाणारा चट्टा दंतवैद्यास दाखवावा, आणि तो म्हणेल तर तुकडा द्यावा. खाड्याचे आम्ही व्यवस्थापनाशी बोलतो आहोत.