पाहुण्यांची खोली नसलेलं घर

इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या सिसिंगहर्स्टला मुक्कामाला जाण्यात एक गंमत आहे. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिचा नवरा हॅरल्ड निकल्सन यांनी १९३० साली ही पडकी वास्तू शेतीवाडीसकट विकत घेतली आणि डागडुजी करताना पाहुण्यांसाठी खोली मुद्दामच ठेवली नाही. दोघांनाही लिहायचं होतं. वस्तीला कोणी नको होतं. दिवसा येणाऱ्यांचं मात्र बाईंना वावडं नव्हतं. १९३८ पासून शिलिंगभर पैसे देऊन कुणीही या दोघांनी फुलवलेली बाग पाहावी, बाई भेटल्याच तर झाडांबद्दल विचारावं. त्यांनी अशा मंडळींचं नावच ‘शिलिंगवाले’ पाडलं होतं. आता बागेशेजारच्या व्हिक्टोरियन फार्महाऊसमध्ये ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ची सोय आहे. आम्ही तिथंच उतरलो.

इतिहास भराभर उरकतो. सोळाव्या शतकात बेकर घराण्याचा वाडा, १५७३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचा मुक्काम, अठराव्या शतकात फ्रेंच युद्धकैद्यांचा तुरुंग, पुढे गावातल्या निराधारांचं कामघर. व्हिटाच्या हाती आला तो विटांचा मनोरा आणि चार सुट्या इमारती. तिचं माहेर नोल म्हणजे केंटमधलाच प्रचंड महाल. मुलगी म्हणून तो तिला मिळाला नाही. तिच्या झपाटलेपणाचं मूळ तिथं असावं, असं माझं मत.

या सुट्या इमारतींनीच बाग घडवली. जेवण प्रीस्ट्स हाऊसमध्ये, नवराबायकोच्या झोपायच्या खोल्या पलीकडे साउथ कॉटेजमध्ये, व्हिटाचं लिहिण्याचं टेबल मनोऱ्यात. पाऊस असो, थंडी असो, जेवून अंगणातूनच झोपायला जायचं! मग बागेचेच दालनांसारखे भाग पडले. आखणी हॅरल्डची, काटेकोर आणि सरळ रेषेतली. लागवड व्हिटाची, वाफ्यातून उतू जाणारी.

त्यातला प्रीस्ट्स हाऊसलगतचा पांढरा बगीचा हा माझ्या वेडाचा विषय. १९४९-५० च्या हिवाळ्यात तो लावला गेला. पांढरी, करडी आणि हिरवी एवढीच रंगसंगती. रात्री जेवून परतताना अंधारात वाट उजळावी, हा त्यामागचा एक हिशेब असल्याचं सांगतात. मधोमध पूर्वी बदामाची झाडं होती. त्यांच्यावर चढवलेल्या गुलाबांचं ओझं त्यांना पेलेना, म्हणून नंतर लोखंडी मांडव आला. त्यावर आता ‘रोझा मुलिगानाय’ हा एकेरी पाकळ्यांचा वेलगुलाब पसरतो. खाली लवदार, रुपेरी पानांची स्टॅकिस आहे. तिचं पान चिमटीत धरलं तर सशाच्या कानासारखं मऊ लागतं. फुलं आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतात. बागेचा तोल सांभाळते ती ही करडी पालवी. नुसती पांढरी फुलं आणून लावणाऱ्यांच्या बागा फसतात त्या इथंच.

थोडं विषयांतर. आपल्या परसातही मोगरा, रातराणी, अनंत, निशिगंध, प्राजक्त ही सगळी पांढऱ्याचीच मंडळी. संध्याकाळी उमलणाऱ्या फुलांना पतंगांना बोलवायचं असतं. काळोखात लाल-निळा रंग कामाचा नाही, पांढरा आणि वास कामाचा. व्हिटाने डोळ्यांसाठी जे केलं, ते आपल्या आज्यांनी नाकासाठी केलं. माझ्या मते आज्या वरचढ. सिसिंगहर्स्टच्या त्या बगीच्यात एक तरी रातराणी हवी होती. पण केंटच्या थंडीत ती तगायची कशी?

मुक्कामाचा खरा फायदा सकाळी कळतो. दर्शकांच्या बसेस यायच्या आत तळ्यापर्यंत, जंगलापर्यंत पायवाटेनं फिरून यायचं, मग तव्यावरची अंडी, भाजलेले टोमॅटो, मशरूम, टोस्ट आणि कडवट संत्र्याचा मार्मालेड. आमच्याबरोबरच्या शाकाहारी बहिणीची आबाळ झाली नाही, हे मुद्दाम नोंदवतो. मनोऱ्याच्या पायऱ्या मात्र नाश्ता जिरल्यावरच चढा. वरून हॅरल्डची आखणी एका नजरेत उमगते आणि खाली चुकत हिंडण्यात काय मजा होती, तेही.

व्हिटा १९६२ मध्ये गेली. १९६७ पासून ही वास्तू वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. प्रीस्ट्स हाऊसही सुट्टीसाठी भाड्याने मिळतं, मात्र तिथं स्वयंपाक आपला आपण करायचा. लंडनच्या चेरिंग क्रॉसहून स्टेपलहर्स्टला तासाभरात गाडी पोहोचते, पुढं टॅक्सी. वेलगुलाब पाहायचा तर जुलैच्या सुरुवातीला जा आणि आभाळ भरून आलं तर हिरमुसू नका. पांढरा बगीचा ढगाळ दिवशीच जास्त खुलतो.