पाठ टेकल्यावरची कुस्ती

गेल्या महिन्यात सकाळी दवाखान्यात बापलेक आले. बाप तालमीतला जुना पैलवान. मुलगा चोवीस वर्षांचा. त्यानेही लहानपणी तालमीत घाम गाळलेला, आता पुण्यात नोकरीला आहे. तिथे संध्याकाळी तो ब्राझिलियन जुजुत्सू शिकायला जातो. तक्रार छातीची होती. उजवीकडे बरगडीपाशी दुखते, खोकला आला की जीव कळवळतो, कूस बदलता येत नाही.

"कसे झाले?" मी विचारले.

"ऐंशी किलोचा गडी छातीवर आडवा पडला होता, डॉक्टर. खालून जोर लावला तेव्हा आत कट्‌कन वाजले."

बाप मध्येच म्हणाला, "साहेब, पाठ लागल्यावर कुस्ती उरतीच कुठं? हे पोरगं खाली पडून करतंय काय, तेच मला कळंना."

बापाचा प्रश्न रास्त होता. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. जुजुत्सूत पाठ टेकली तरी लढत चालूच राहते. ती संपते वेळ भरल्यावर, किंवा सांधा अडकून अथवा गळा आवळला जाऊन एकाने हार मानल्यावर.

ही विद्या मूळची जपानची. मित्सुयो माएदा हे ज्युदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोचले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले. कार्लोस यांचे धाकटे भाऊ एलिओ अंगाने किरकोळ होते. हलक्या माणसाने भारी माणसाखालून कसे निसटायचे, यावर या घराण्याने आयुष्य घालवले. १९९३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे झालेली पहिली यूएफसी स्पर्धा एलिओ यांचे चिरंजीव रॉईस यांनी आपल्याहून भारी गड्यांना नमवून जिंकली, तेव्हा जगाचे लक्ष इकडे वळले.

आपल्या रुग्णाची जी अवस्था झाली, तिला साइड कंट्रोल म्हणतात. आपण उताणे, प्रतिस्पर्धी बाजूने येऊन छातीवर आडवा. श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, श्वासपटल खाली सरकते. छातीवर ओझे असले की हे नीट होत नाही, श्वास उथळ होतो. माणूस घाबरतो, श्वास रोखतो आणि हात ताठ करून वरच्याला ढकलू लागतो. दंड लवकर दमतात, ताठ हात वरच्याच्या पकडीत आयता सापडतो आणि पिळलेल्या छातीवर एकदम ताण येऊन कूर्चेला इजा होते. बरगडीला छातीच्या मधल्या हाडाशी जोडते ती कूर्चा.

मग करायचे काय? मुलाने माझ्या तपासणीच्या टेबलावर पडून दाखवले ते असे. कोपरे अंगाशी ठेवावीत. एक हात वरच्याच्या मानेला आणि दुसरा त्याच्या कमरेला, कोपरापासून मनगटापर्यंत आडवा लावावा. ढकलायचे नाही. घराच्या चौकटीसारखे नुसते टेकवायचे, म्हणजे भार हाडांवर येतो, स्नायूंवर नाही. पाय नितंबांजवळ रोवून कंबर वर उचलावी. वरचा क्षणभर हलतो. त्या फटीत आपली कंबर मागे सरकवून त्याच्याकडे तोंड करून कुशीवर व्हावे. कुशीवर येताच छातीवरचा दाब कमी होतो. मग जवळचा गुडघा दोघांच्या मध्ये घालून त्याला पायांच्या कक्षेत आणावे. थोडक्यात, त्याला हलवायचे नाही, आपण हलायचे. श्वास रोखू नये, नाकाने छोटा छोटा घेत राहावा.

खालून चढाईही करता येते. पलीकडचा हात वरच्याच्या काखेत घालून गुडघ्यांवर आले की त्याचा पट काढता येतो. हे ऐकताच बापाची कळी खुलली. "म्हंजे आपलाच डाव की!"

पण तालमीची एक सवय इथे घात करते. चितपट टाळण्यासाठी पैलवान चटकन पालथा होतो. जुजुत्सूत असे पाठ देऊन पालथे होणे म्हणजे गळा त्याच्या हाती देणे. बाप औषध घ्यायला बाहेर गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "डॉक्टर, दोन महिन्यांपूर्वी असाच पालथा झालो. मागून गळा आवळला. थोपटायची लाज वाटली. थोडा वेळ शुद्धच नव्हती."

मला बरगडीपेक्षा ही गोष्ट गंभीर वाटली. अशा पकडीत मानेच्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या दाबल्या जातात. पंधरा सेकंदांच्या आतच शुद्ध हरपू शकते. पकड वेळीच सुटली नाही तर जिवावर बेतते. क्वचित धमनीचा आतला पापुद्रा फाटून तरुण माणसालाही पक्षाघात होतो. म्हणून या खेळात हाताने दोनदा थोपटले की प्रतिस्पर्ध्याने तत्काळ सोडायचे, हा पहिला नियम. मी त्याला १९५१ सालची गोष्ट सांगितली. रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानच्या मासाहिको किमुरांनी एलिओ ग्रेसींचा हात पिरगळला. हाड मोडले तरी एलिओंनी थोपटले नाही, शेवटी त्यांच्या बाजूने टॉवेल टाकला गेला. त्या पकडीला आज किमुरा म्हणतात. "एलिओंचे धैर्य मोठे," मी म्हणालो, "पण ती लढत स्टेडियममधली होती. रोजच्या सरावात तुला हात मोडून कोण मानपत्र देणार आहे?"

त्याच्या एक्स-रेत हाड मोडलेले नव्हते. कूर्चेची इजा साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. उपचार साधाच. वेदनाशामक गोळी, शेक आणि विश्रांती. चार ते आठ आठवडे लागू शकतात. छातीला पट्टा आवळून बांधू नये. श्वास उथळ होऊन कफ साठतो. दिवसातून अनेकदा हळू, खोल श्वास घ्यावेत. खोकताना दुखऱ्या जागी उशी दाबून धरावी.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. छातीला मार लागल्यावर दम लागणे, थुंकीतून रक्त पडणे, डाव्या बरगडीखाली दुखून खांद्यात कळ येणे, किंवा गळा आवळला गेल्यानंतर मान वा डोके सतत दुखणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे. चाळिशीपुढच्या आणि रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या झटापटीत पडू नये. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

निघताना बापाच्या कानावर मुलाची दुसरी गोष्टही घातली, त्याच्याच परवानगीने. म्हातारा दाराशी थांबला. मुलाला म्हणाला, "आमच्यात पाठ लागायची लाज असती. तुमच्यात थोपटायची लाज नको. उद्या पुन्हा लढाय तू पायजेस की."

यापेक्षा चांगला सल्ला मला देता आला नसता.