माशांच्या खाद्यांतील शेवाळ आणि पाण्यांतील धातुविष

शेततळ्यांत रोहू, कटला व मृगळ पाळून जोडउत्पन्न मिळवूं पाहणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंनीं, तळ्यांतील पाणी कोणत्या वाटेनें येतें, हें प्रथम पाहावयास पाहिजे. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. तेथील निचऱ्याच्या पाण्यांत जड धातू असण्याचा संभव असतो. खाणीपासून दूर असलेल्या गांवींहि ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा फवारणीपंप तळ्याकांठीं धुतल्यास तांबें पाण्यांत उतरतें. शिसें, कॅडमियम, पारा व तांबें हे धातू कुजून नाहींसे होत नाहींत; ते गाळांत सांचतात व माशांच्या शरीरांत शिरतात.

कॅडमियम हें कॅल्शियमच्या वाटेनें कल्ल्यांतून आंत जातें. शिशामुळें रक्त बनण्याच्या क्रियेंत व्यत्यय येतो. यकृत व मूत्रपिंड यांची हानि होऊन माशाची वाढ खुंटते. पारा तर मांसांत राहतो, व शिजविल्यानेंहि जात नाहीं. अर्थात् हा प्रश्न खाणाराच्या प्रकृतीचाहि आहे.

यावर स्पिरुलिना नामक निळ्या-हिरव्या शेवाळाचा कांहीं उपयोग होतो. आफ्रिकेंतील चाड सरोवराकांठचे लोक तें वाळवून खात आले आहेत. त्यांत शेंकडा ५५ ते ७० भाग प्रथिनें असतात. रोहू, मृगळ व तिलापिया यांवरील प्रयोगांत, खाद्यांत त्याची भुकटी मिसळली असतां धातूंपासून होणारा अपाय कमी झाल्याचें आढळलें आहे. शेवाळाच्या पेशी आंतड्यांतील धातू धरून ठेवतात व तो विष्ठेवाटे बाहेर जातो; शिवाय त्यांतील रंगद्रव्यें यकृताचें रक्षण करतात.

परंतु ज्या गुणामुळें शेवाळ उपकारक ठरतें, त्याच गुणामुळें तें घातकहि होतें. दूषित पाण्यांत वाढलेलें शेवाळ स्वतःच धातू शोषून घेतें. तें खाऊं घालणें म्हणजे विषच चारणें होय. उन्हाळ्यांत तळ्यावर येणारी हिरवी साय ही स्पिरुलिना समजूं नये. तिचे कांहीं प्रकार मासे व गुरें यांस विषारी असतात.

म्हणून मासे सोडण्यापूर्वीं पाणी व गाळ प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा. फवारणीचीं भांडीं तळ्यापासून दूर धुवावीं. भुकटी तपासलेलीच घ्यावी, व ती महाग असल्यामुळें आधीं एकाच तळ्यांत वापरून पाहावी. पाणी दूषित ठरल्यास मात्र तेथें मासे पाळूंच नयेत. शेवाळ ही ढाल आहे. शुद्ध पाण्याची जागा ती घेऊं शकत नाहीं.